सभेचा अबोला

साताऱ्याच्या ज्या बोर्डिंगात मी शिकलो, त्याची स्मरणिका निघते आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी दोघे मध्यंतरी सांगलीला माझ्या घरी येऊन गेले. विश्रामबागेतल्या माझ्या घरात, पंख्याखाली बसून, चहा पिता पिता म्हणाले, "काका, सामूहिक जीवनानं तुमच्यावर जे संस्कार झाले, त्याबद्दल चार शब्द लिहा." मी म्हणालो, लिहितो, पण त्यातला एकही शब्द बदलायचा नाही. ते एकमेकांकडं बघायला लागले. वयानं मोठा होता तो म्हणाला, "संपादक मंडळ थोडंफार बघतंच काका." मी म्हणालो, "मग सौदा मोडला. चहा घ्या." त्यांना जे दिलं नाही ते इथं लिहितो आहे. इथं संपादक मंडळ मीच आहे.

आमचं घर जतकडच्या कोरड्या भागातलं. मेंढरं हाच आमचा धंदा आणि तीच आमची शेती. घरात लोकरीचा वास कायम असायचा, तो अंगाला इतका बसलेला की पुढं साताऱ्यात पोरं म्हणायची, बिरा दारात येण्याआधी त्याचा वास आत येतो. आई पहाटे हुलग्याचं माडगं शिजवायची, त्याचा रटरट आवाज आणि मेंढरांचं बेंबाटणं यात मला जाग यायची. आबा, म्हणजे माझा बाप, मला मेंढरांच्या बाजाराला बरोबर न्यायचा. त्या बाजारात भाव तोंडानं करत नाहीत. विकणारा आणि घेणारा घोंगड्याखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. वर तोंडं मात्र भलतंच बोलत असतात. आबा म्हणायचा, "आवं पावनं, पोराच्या दुखण्यापायी इकतोय, न्हाईतर ह्यो मेंढा जीव गेला तरी दिला नसता." तो दुखणाईत पोरगा म्हणजे मी, आणि मी शेजारीच उभा राहून शेंगा खात असायचो. घेणाराही माझ्याकडं बघून म्हणायचा, "व्हय, लय वाळलंय बघा लेकरू." आणि खाली बोटं दाबायचा. कुणी कुणाला फसवत नव्हतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं. बाजारातलं बोलणं हे बाजाराचं बोलणं असतं, हे मी चालायला शिकलो तेव्हाच शिकलो.

अशाच एका बाजारात गुरुजींनी मला पाहिलं. ते बोर्डिंगासाठी गावोगाव हिंडून पोरं गोळा करत असत. खादीचा सदरा, पायात धुळीनं पांढऱ्या पडलेल्या वहाणा, आणि हातात एक पिशवी. आबाला म्हणाले, मुलगा हुशार आहे, शाळेत द्या. आबानं लगेच बैठक मारली. पोरगं दिलं तर मेंढरं कोण राखणार, कुत्री कोण सांभाळणार, पोरगं शिकून आम्हाला ओळखणार का, असं एकेक पुढं करत गेला. आबाला वाटलं, मास्तर आता काहीतरी कबूल करील, मग आपण आणखी ताणू. पण गुरुजींना भाव करता येत नव्हता. त्यांनी सरळ हात जोडले आणि म्हणाले, "तुमच्या पाया पडतो, पण मुलगा द्या." आबापुढं जन्मात कुणी हात जोडले नव्हते. त्याची बैठक तिथंच मोडली. मला असा फुकटात दिला.

बोर्डिंग अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला होतं. पत्र्याच्या खोल्या, मध्ये अंगण, अंगणात कडुलिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. त्यावर हातोडी पडली की आम्ही उठायचो, त्यावर पडली की जेवायचो. सगळं काम पोरंच करायची. दळण, पाणी, भाकरी, सारवण, शेणखत. गुरुजी जोड्या लावून द्यायचे आणि वर्षभर ती जोडी जात्यालाही एक, रहाटालाही एक आणि झोपायलाही शेजारी शेजारी. एका गावची, एका जातीची दोन पोरं एका जोडीत कधी येत नसत. जात विचारायची नाही असा नियम नव्हता, पण विचारायला वेळच मिळू नये अशी व्यवस्था होती. सगळ्यांच्या हातच्या भाकरी एका दुरडीत पडायच्या. कुणाची कुठली ते दुरडीलाही सांगता आलं नसतं. हे गुरुजींनी केलं, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. त्यांचं म्हणणं असं की माणूस एकटा असताना चांगलाही नसतो आणि वाईटही नसतो, शेजारी दुसरा आला की कळतं. बाहेरगावचे पाहुणे बोर्डिंग बघायला यायचे, औंधाहून यायचे, पुण्याहून यायचे. त्यांना गुरुजी मोठ्या अभिमानानं सांगायचे, "इथं छडी नाही. इथं मुलंच मुलांना घडवतात."

मुलं मुलांना कशी घडवत होती ते सांगतो. संध्याकाळी प्रार्थना, प्रार्थनेनंतर सभा, आणि सभेनंतर जेवण. सभेला दर महिन्याला नवा सभापती. कुणाचं काही चुकलं असेल तर दुसऱ्यानं उठून सांगायचं. ज्याचं चुकलं त्यानं उभं राहून "माझं चुकलं" म्हणायचं. म्हटलं की विषय संपला, कुणी पुन्हा काढायचा नाही. नाही म्हटलं तर अबोला. सगळ्या बोर्डिंगानं त्या पोराशी बोलणं बंद करायचं, तो म्हणेपर्यंत. आणि जो अबोला मोडील, तोही अबोल्यात. त्या वर्षांत आमच्या भागात गावोगावी लोक कोर्टाची पायरी सोडून आपले तंटे आपणच चावडीपुढं मिटवायला लागले होते, त्याचं वारं पोरांच्या अंगात भरलेलं होतं. निवाडा करायचा म्हटलं की पोरं ताठ बसायची.

माझी जोडी कुंडलच्या सर्जेरावाशी होती. सगळे त्याला सर्जा म्हणत. बाप लहानपणीच गेलेला, आई कुंडलात भाजी विकायची. सर्जा दिसायला शांत, बोलायला मोजका, पण एकदा नाही म्हणाला की चार बैल लावूनही हलायचा नाही. मी बोर्डिंगाचा बाजारमंत्री होतो. हे पद मला मतानं मिळालं होतं, कारण माझ्या आधीचा मंत्री भाजीवाल्यांना "कितीला?" असं विचारून ते सांगतील तेवढं देऊन येत असे. मी मंत्री झालो आणि आमटीत फोडी दिसायला लागल्या. त्या दिवशी पोतं जड होणार म्हणून सर्जा प्रथमच माझ्याबरोबर बाजाराला आला.

कोंडाबाई नावाची माळीण नेहमी एकाच जागी बसायची. तिच्याशी माझं रोजचं होतं.

"काय भाव म्हणायचा वांग्यांचा, मावशी?"

"तुला ठावं हाय की. रोज रोज काय इचारतोस?"

"कमी झाला असंल म्हणून इचारतोय."

"का? वांगी काय रातीत म्हातारी झाली व्हय?"

"म्हातारी न्हाई, किडकी. ह्ये बघा."

"मेल्या, त्यो देठ हाय! डोळं हायेत का बटाटं?"

असं बराच वेळ चाललं. ती हटेना. मग मी आवाज खाली आणला. म्हणालो, "मावशी, बोर्डिंगात समदी पोरकी पोरं. माझं तर बघा, ना आई ना बा. वांगं म्हंजी आमचा सण." कोंडाबाई माझ्याकडं बघत राहिली. मग दोन्ही हातांनी वांगी पोत्यात टाकायला लागली. आम्ही पोतं उचललं. वाटेत सर्जा एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, माझ्या कसबानं गार झालाय.

संध्याकाळी सभेत तो उभा राहिला. म्हणाला, "माझी आई भाजी इकती, समद्यास्नी ठावं हाय. कुणीतरी असंच रडून, ग्वाड बोलून तिच्याकडनं घेऊन जातं. घरी आल्यावर ती सांगती, आज एका गरिबाला दिली गं बाई मी. आन् त्या दिशी आमी कोरडी भाकरी खातो. बिरानं आज त्या बाईला तसंच केलं. आईबा जित्ती असताना मेली म्हणाला."

 त्या महिन्याचा सभापती दिनकर होता. साताऱ्यातल्याच एका कारकुनाचा मुलगा, अक्षर सुंदर आणि भांग सरळ. त्यानं विचारलं, "बिरा, हे खरं आहे का?"

मी म्हणालो, "खरं हाय. पर त्याला खोटं म्हणत न्हाईत, भाव करणं म्हणत्यात. सर्जाची आईबी काय पैल्यांदा खरा भाव सांगती व्हय? दुप्पट सांगूनच बसती की!"

सर्जा माझ्या अंगावर धावून आला. दोघातिघांनी त्याला धरलं. गुरुजी पुढं आले. ते म्हणाले, "जिवंत आईबापांना मेले म्हणालास. कशासाठी?"

"वांग्यांसाठी. तुमी आत्ता जेवताना खानार हाय ती."

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि गुरुजींचा चेहरा बघून तसंच थांबलं. दिनकर म्हणाला, म्हण माझं चुकलं. मी म्हणालो, चुकलं असेल तर खाणाऱ्या सगळ्यांचं चुकलं. सगळे म्हणा, मग मीही म्हणतो. गुरुजी म्हणाले, "सभेशी सौदा करतोस?" मी म्हणालो, व्हय. हात वर झाले. अबोला लागला. आणि मग सगळे जेवायला बसले आणि वांगी खाल्ली. एकानंही ताट बाजूला सारलं नाही. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझं कपाळ तापतं.

पहिले काही दिवस मी मजा केली. कुणी बोलत नाही ना, मग मीच दोघांचं बोलायचो. पाण्याच्या ओळीत उभा राहून मोठ्यानं म्हणायचो, "काय दिनकरराव, आंघोळ झाली का? झाली की. मग वास कसला येतोय? काय सांगू बिरा, तत्त्वाचा येतोय." पोरं ओठ चावून, तोंडं फिरवून हसू गिळायची. जात्याला बसलो की सर्जाला ऐकवायचो, "काय सर्जेराव, हात दुखतोय का? दुखत न्हाई. मग जातं मी एकटाच ओढतोय असं का वाटतंय?" सर्जा खुंटा घट्ट धरायचा आणि असा फिरवायचा की पीठ उडायचं. बाजारमंत्री सर्जाला केलं होतं. तो कोंडाबाईला विचारायचा, ती सांगायची, तो द्यायचा. अर्धं पोतं घेऊन यायचा. आमटी अशी पातळ झाली की वाटीत अजिंक्यतारा दिसावा. मी मनात म्हणायचो, प्या पाणी. भूक सगळ्यांना वठणीवर आणील असा माझा हिशेब होता. आणि इथं माझा हिशेब चुकला, कारण पोरं मुकाट्यानं पाणी पीत राहिली. वाढपी हुसेन, मिरजेकडचा पोरगा, आमटीची बादली घेऊन पंगतीतून फिरायचा. माझ्यापुढं आला की पळी तळातून फिरवून जी काही फोड असेल ती माझ्या ताटात टाकायचा, आणि डोळा न मिळवता पुढं जायचा. अबोल्यात उपाशी ठेवत नव्हते कुणाला. सगळं द्यायचे. नुसतं माणसात धरायचे नाहीत.

तेच हळूहळू अंगावर यायला लागलं. आबानं मला काठीनं मारलेलं आहे, दावं घेऊन मारलेलं आहे. त्यात मारणारा आणि मी असे दोघे तरी असायचो. इथं कुणीच नव्हतं. पाण्याचा तांब्या माझ्या हातात द्यायचे आणि नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं लिंबावर. माझं दोघांचं बोलणंही बंद पडलं. एक दिवस रहाटावर पाणी ओढताना मला जाणवलं की सकाळपासून मी तोंड उघडलेलं नाही आणि त्याची मला आठवणही झाली नाही. तेव्हा मी भ्यालो. गुरुजींनी एकदा पाहुण्यांना सांगताना मी ऐकलं होतं, की समूहाचा शब्द आत जाऊन बसला की त्याचाच विवेक होतो. माझ्या आत काही जाऊन बसत नव्हतं. उलट होतं ते निघून चाललं होतं.

त्यातच गुरुजींनी सभेत सांगून टाकलं, की सत्र संपेपर्यंत बिरा सभेचा मान राखणार नसेल तर त्याची जागा दुसऱ्या गरजू मुलाला द्यावी लागेल. म्हणजे परत मेंढरांमागं. पाटी, पुस्तक, इंग्रजी पाचवी, सगळं इथंच. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी उभा राहिलो. शब्द तोंडात आलेले होते, ओठापर्यंत आले होते. तेवढ्यात दिनकरनं गुरुजींकडं पाहिलं आणि तो हसला. कुत्सित नव्हे, समाधानानं, जसं गणित सुटल्यावर हसतात. मी खाली बसलो. माणूस नमला याचा आनंद ज्याला होतो, त्याच्यापुढं नमायचं नाही, एवढं मला त्या क्षणी कळलं, आणि पुढं हळदीच्या व्यापारातही मी ते कधी मोडलं नाही. सांगलीच्या हळदीच्या सौद्याला मी सौदा सोडून उठून आलेलो आहे, समोरचा हसला म्हणून. घरची माणसं म्हणतात, यानं आपलं नुकसान झालं. असेल.

बोर्डिंगाची नवी खोली तेव्हा पोरंच बांधत होती. भिंती झाल्या होत्या, तुळई चढवायची होती. मी मेंढरांमागं डोंगर चढलेला, म्हणून मला भिंतीवर चढवलं. तुळईचं टोक दगडाच्या खोबणीत बसवायचं काम माझं. खाली पोरं दोराला लागली होती आणि हैया हैया करत ओढत होती. मी पाठमोरा, वाकून, खोबणीतली माती हातानं काढत होतो. माझ्या मागं तुळईचा दोर दगडावर घासून सुटायला लागला होता, हे मला दिसत नव्हतं. खाली सगळ्यांना दिसत होतं. हैया थांबलं. मला वाटलं, दम घेतायत. मग सर्जाची किंकाळी आली, "बिरा, हात काढ! हात काढ की रं गाढवा!" मी हात ओढला आणि तुळई खोबणीवर अशी आदळली की भिंतीचा वरचा दगड फुटला.

मी खाली उतरलो.  पोरं उभी होती, पांढरी पडलेली. काहींनी हात वर केलेले तसेच होते, म्हणजे मला खुणा करत होती. पाठमोऱ्या माणसाला खुणा! एवढ्या पोरांची तोंडं शाबूत होती आणि आवाज एकाचाच आला. ती पोरं वाईट नव्हती. आजही त्यातले काही हयात आहेत, भली माणसं आहेत. पण त्यांना माझ्याशी न बोलायची सवय लागली होती, आणि सवय काही तुळई पडतेय म्हणून थांबत नाही.

संध्याकाळी सभेत दिनकरनंच सर्जाचा विषय काढला. तो दुष्ट नव्हता, नियम म्हणजे नियम असं त्याचं डोकं होतं. म्हणाला, "सर्जेरावानं अबोला मोडला. कारण चांगलं होतं, पण मोडला. त्यानं माझं चुकलं म्हणावं म्हणजे नियमही राहील."

गुरुजी म्हणाले, "सर्जेराव, एक वाक्य म्हण. कुणी तुला दोष देत नाही. विषय संपेल."

सर्जा उभा राहिला. म्हणाला, "न्हाई गुरुजी. ते चुकलं न्हाई."

"नियम सर्वांना सारखा असतो."

"असू द्या की. मला लावा."

त्यालाही लागला. आता अबोल्यातली माणसं दोन झाली, आणि अबोल्यातल्यांनी एकमेकांशी बोलू नये असा नियम कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. पहाटे जात्यावर बसलो. मी म्हणालो, "बोल की आता, वाचा फुटली न्हवं?"

"तुझ्याशी बोलायचं म्हंजी तोंड इटाळतं."

"मंग कशाला वरडलास?"

"तुझा हात तुटला असता तर जात्याला माझ्यासंगं कोण बसलं असतं?"

मग आम्ही भांडायला लागलो. दळताना भांडलो, पाणी ओढताना भांडलो, शेण कालवताना भांडलो. तो म्हणायचा, तू खोटारडा हायस. मी म्हणायचो, भाव कसा करतात ते तुला तुझ्या आईनं शिकवलं न्हाई म्हणून आमटी पातळ झाली. तो म्हणायचा, माझ्या आईचं नाव काढू नगंस. मी म्हणायचो, तूच काढलंस सभेत. सगळं बोर्डिंग तोंडाला कुलूप लावून आमच्याकडं कान लावून बसायचं. बोलण्याला इतकी चव असते हे मला त्या दिवसांत कळलं. एकदा मी त्याला म्हणालो, "सर्जा, एक वाक्य हाय. म्हण आन् सूट. तू खरा माणूस, तुला म्हणाय काय हुतंय?"

तो म्हणाला, "खरा हाय म्हणूनच म्हणता येत न्हाई रं. तू म्हण. तुला काय, तू कायबी बोलतोस."

मी त्याला पिठाची मूठ मारली. पण मला हसू आलं.

सत्राची शेवटची सभा आली. पोरांच्या वळकट्या बांधून झाल्या होत्या, हुसेनची आमटी चुलीवरून उतरली होती, फोडणीचा वास अंगणभर. गुरुजी म्हणाले, "बिरा, आज शेवटची संधी आहे." त्यांचा आवाज कठोर नव्हता. मला वाटतं, त्यांना मी राहायला पाहिजे होतो.

मी म्हणालो, "गुरुजी, म्हणतो. पर एक अट. तुळई पडली त्या दिशी एवढी पोरं खाली उभी हुती आन् एकाच्या तोंडातनं शबूद निघाला. बाकीच्यांची तोंडं कुणी बांधली हुती? त्याचं चुकलं म्हणून कुणीतरी म्हणावं. आधी तुमी म्हणा, मागनं मी म्हणतो. वांग्यांचंबी म्हणतो आन् आईबाचंबी म्हणतो."

गुरुजींनी सगळ्या पोरांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "अबोल्याचा निर्णय सभेचा होता, बिरा. माझा नव्हता."

"मंग ही सभा कुठं ऱ्हाती ते सांगा. तिथं जाऊन मागतो."

कुणी हसलं नाही. गुरुजींनी विषय सभेवर सोपवला. सर्जेरावाचा अबोला उठवावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, म्हणाले. सगळे हात वर झाले. बिराचा उठवावा असं कुणाला वाटतं? पोरं एकमेकांकडं बघत राहिली. एकाचा हात कोपरापर्यंत आला आणि परत खाली गेला.

सर्जा उभा राहिला. "मग माझाबी ऱ्हाऊ द्या."

दिनकर म्हणाला, "तुझा उठला. सभेनं उठवला."

"उठवायचा तर दोगांचा उठवा. ह्यो खोटं बोलला, ते माझं म्हणणं आजबी हाय. पर त्याच्याशी न बोलता त्याला खरं बोलाय कसं शिकवनार तुमी? मी दोन आठवडं भांडतोय तवा कुठं ह्यो इच्यार कराय लागलाय."

हे साफ खोटं होतं. मी काही विचार करत नव्हतो. पण मी गप्प बसलो. सर्जाला तेवढ्यापुरता भाव करता आला होता.

"मग दोघांनाही जावं लागेल," दिनकर म्हणाला आणि गुरुजींकडं बघायला लागला. गुरुजींनी मान खाली घातली. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. सभा संपली का नाही ते कुणाला कळेना. कुणीतरी सवयीनं ताटं मांडली. आम्ही पंगतीला बसलो. मी माझ्या डोक्यात वळकटी बांधत होतो आणि आबाला काय सांगायचं ते जुळवत होतो. हुसेन बादली घेऊन आला, माझ्यापुढं थांबला, पळी तळातून फिरवली, आणि म्हणाला, "बिरा, अजून घालू का बास?"

दिनकर ओरडला, "हुसेन! नियम!"

"नियम ऱ्हाऊ दे की, आमटी गार व्हाय लागलीय. बिरा, सांग की लवकर, बाकीची खोळंबल्यात."

मी म्हणालो, "घाल. आन् पाणी वर ऱ्हाऊ दे." पलीकडून कुणीतरी म्हणालं, "बिरा, भाकरी सरकव इकडं." दुसरा म्हणाला, "बिऱ्या, गुडघा काढ, माझ्या ताटात आलाय." मग सगळी पंगतच बोलायला लागली. कुणी महत्त्वाचं काही बोलत नव्हतं. ताट, पाणी, गुडघा, ठेचा. कुणाकुणाला अबोल्यात घालणार? दिनकर भाकरी हातात धरून बसला होता आणि त्याला बोलायला कुणी उरलं नव्हतं. सर्जानं त्याला म्हटलं, "खा की रं गड्या."

गुरुजी आमच्या पंगतीतच जेवायचे, माझ्या समोरच्या रांगेत. ते खाली बघून घास घेत होते. मग त्यांनी मान वर केली, सरळ माझ्याकडं पाहिलं, लिंबाकडं नाही, आणि म्हणाले, "बिरा, जरा मीठ दे इकडं."

माझी जागा दुसऱ्या कुणाला गेली नाही. मी त्याच बोर्डिंगातून मॅट्रिक झालो. सर्जा असेपर्यंत म्हणत राहिला की मीठ मागणं हेच गुरुजींचं चुकलं म्हणणं होतं, आणि तू तेवढं समजून घ्यायला पाहिजे होतंस. यावरून आम्ही म्हातारपणापर्यंत भांडलो. मी मानलं नाही, आजही मानत नाही. "माझं चुकलं" याला दोनच शब्द लागतात आणि ते त्यांनीच आम्हाला शिकवले होते. मी मिठाचं लाकडी भांडं उचलून त्यांच्यापुढं केलं. त्यांनी चिमूटभर घेतलं. आमटी मी आधीच चाखली होती. तिला मीठ अजिबात कमी नव्हतं.